तिचा चेहरा, आपलं पान: मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना एक खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक, संस्थेचे पदाधिकारी आणि आपापल्या शाळेचं फेसबुक-इन्स्टाग्राम सांभाळणारे माझे सहशिक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. एकोणीस वर्षं झाली. त्यातली सात वर्षं शाळेचं फेसबुकचं पान आणि पुढे इन्स्टाग्रामचं खातं माझ्याकडे होतं. त्यासाठी कुणी लेखी आदेश काढला नव्हता. बाईंचे फोटो बरे येतात, बाईंचं शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते आवडीने केलं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या पानावरचे सगळे जुने फोटो पहिल्यापासून पाहिले. मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतात असे तीन हजारांच्या वर निघाले. त्यातल्या एकाही मुलाला किंवा मुलीला मी ‘टाकू का?’ असं विचारलेलं नव्हतं.

विचारायला हवं, हे मला एका फोटोमुळे कळलं.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आमच्या मैदानावर खो-खोचे तालुका पातळीवरचे सामने होते. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती, मैदान अजून ओलं होतं. आमच्या आठवीतल्या एका मुलीने खांबापाशी सूर मारून धावकाला टिपलं, आणि तो क्षण माझ्या मोबाइलमध्ये बरोबर सापडला. गालाला चिखल, डोळे घट्ट मिटलेले, तोंड वासलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या. मला तो त्या वर्षीचा सगळ्यात सुंदर फोटो वाटला. अजूनही वाटतो. ‘आमची वाघीण’ असं लिहून मी तो संध्याकाळी पानावर टाकला. माजी विद्यार्थ्यांनी कौतुक केलं, एका नगरसेवकाने तो आपल्या पानावर नेला. दुसऱ्या दिवशी मी तिला व्हरांड्यात थांबवून किती जणांना आवडलाय ते दाखवलं. ती हसली. मला वाटलं, लाजली.

आठवड्याच्या आत कुणीतरी त्या फोटोतला नुसता चेहरा कापून त्याचं व्हॉट्सॲप स्टिकर केलं होतं. गणिताचा पेपर अवघड गेला की ते स्टिकर. डब्यात कारलं निघालं की ते स्टिकर. आधी वर्गाच्या ग्रुपवर, मग शेजारच्या तुकडीत, मग शिकवणीच्या ग्रुपवर, आणि एके दिवशी तिच्या चुलतभावाच्या मोबाइलवर. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढच्या हंगामात संघनिवडीला तिने नाव दिलं नाही, तेव्हा क्रीडाशिक्षक मला म्हणाले, तुमच्या वर्गातली आहे, जरा बोलून बघा. तिने आधी अभ्यासाचं कारण सांगितलं. मग गुडघ्याचं. खूप वेळाने, वर्ग रिकामा झाल्यावर म्हणाली, “बाई, पळताना माझं तोंड तसं दिसतं. मग सगळे तेच बघतात.”

मी त्याच दिवशी फोटो काढून टाकला. त्याने काहीही झालं नाही. स्टिकर आमच्या पानावर नव्हतंच, ज्यांनी ज्यांनी ते जपून ठेवलं होतं त्यांच्या मोबाइलमध्ये होतं. आणि तोवर ते तिच्या मनातही जाऊन बसलं होतं. धावताना आपला चेहरा कसा दिसतो हे कुठल्याही खेळाडूला ठाऊक नसतं, ठाऊक नसतं म्हणून तर ती मोकळेपणाने धावते. तिला ते मी ठाऊक करून दिलं.

आपण मोठी माणसं एक गृहीत धरून चालतो की आजची मुलं सगळं उघड्यावर टाकतात, त्यांना कशाचीच चाड नाही. मीही पालकसभेत हे बोलले आहे. त्या प्रसंगानंतर मी वर्गातल्या मुलींशी नीट बोलायला लागले, आणि जे ऐकलं त्याने माझं मत पार बदललं. ज्या मुलीचा चेहरा मी गावभर केला, तिच्या स्वतःच्या खात्यावर तिचा एकही समोरून घेतलेला फोटो नव्हता. व्हॉट्सॲपच्या डीपीवर पाठमोरी ती, वेणी आणि वेणीत अबोलीचा गजरा. इन्स्टाग्रामचं खातं खासगी, आत मोजून साठेक मैत्रिणी आणि बहिणी. हे तिचं एकटीचं नाही. कुणाच्या डीपीवर मेंदीचे हात, कुणाच्या चेहऱ्यावर फुलाचं इमोजी, कुणी स्टेटस टाकताना काका-मामांना वगळून टाकते, कुणी जवळच्या मैत्रिणींची वेगळी यादी करते आणि हिरव्या कडीच्या स्टोऱ्या फक्त त्यांनाच दाखवते. दोघी-तिघींची दोन-दोन खाती आहेत, एक घरच्यांना दाखवायचं आणि एक आपलं. सहलीला काढलेला घोळक्याचा फोटो टाकायच्या आधी त्या एकमेकींना विचारतात. एकीचे जरी डोळे मिटलेले आले असतील, तर तो फोटो जात नाही. हा नियम त्यांना कुणी शिकवलेला नाही, त्यांचा त्यांनीच केला आहे.

त्यांच्या आयाही काही वेगळं करत नाहीत. आमच्या पालकांच्या ग्रुपमधल्या बायकांच्या डीपी बघा. स्वामी समर्थ, गणपती, दारातली रांगोळी, जास्वंदीचं फूल, नाहीतर लेकराचा बाळपणीचा फोटो. स्वतःचा चेहरा क्वचितच. आपला फोटो कुणाच्या हाती लागेल, कुठे फिरेल, याचा विचार या बायकांनी आपल्याआधी केलेला आहे.

या मुली आपली ओळख वाटीत दिवा जपावा तशी आडोशाने जपतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी माणूस स्वतःकडे पहिल्यांदाच बाहेरून बघायला लागतो. काय दाखवायचं, कुणाला दाखवायचं, कुठला चेहरा आपला म्हणायचा, हे त्यांचं रोजचं काम चाललेलं असतं, आणि ते फार कष्टाचं काम आहे. मग एके दिवशी शाळा येते आणि एका बोटाने ते सगळं उघडं करते. मुलीला वाटलं तरी ती बोलणार नाही, कारण समोर बाई आहेत, सर आहेत, वर्गशिक्षकांच्या हातात अंतर्गत गुण आहेत. जिथे ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, तिथलं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.

२०२४ पासून इन्स्टाग्रामने अल्पवयीनांसाठी वेगळी खाती आणली आणि त्यानंतरच्या वर्षी ती आपल्याकडेही लागू केली. मुलाने खरं वय सांगितलं असेल तर त्याचं खातं आपोआप खासगी राहतं. या कंपनीवर माझा फारसा विश्वास नाही. २०२१ मध्ये तिच्याच आतून बाहेर आलेल्या कागदपत्रांत दिसलं होतं की इन्स्टाग्राममुळे अनेक किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी आणखी वाईट वाटू लागतं, हे कंपनीला तिच्याच पाहणीतून कळलेलं होतं. तरीही सांगते: ज्या चौदा वर्षांच्या मुलीचं खातं ही कंपनीसुद्धा खासगी ठेवते, तिचा चेहरा आपण शाळेच्या सार्वजनिक पानावर टाकतो. नाव, इयत्ता आणि तुकडीसह.

गेल्या वर्षी आमच्याकडे सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं. पोलिस खात्यातले एक अधिकारी आले होते, फार चांगलं बोलले. ‘आपले फोटो कुणालाही देऊ नका’ हे त्यांनी मुलींना तीनदा सांगितलं. त्या वेळी सभागृहाच्या कडेने फिरत मी पहिल्या रांगेतल्या मुलींचे फोटो काढत होते. संध्याकाळी ते पानावर होते. एकीच्या गळ्यातलं ओळखपत्र त्यात इतकं स्पष्ट आलं होतं की मोठं करून तिचा पत्ता, रक्तगट आणि वडिलांचा मोबाइल नंबर वाचता येत होता. माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या वडिलांना दोन अनोळखी फोन आले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

आता मला त्या तीन हजार फोटोंविषयी आणखी एक सांगायचं आहे, आणि हे सांगणं मला जड जातंय. सगळे फोटो ओळीने पाहताना दिसलं की तेच ते आठ-दहा चेहरे पुन्हा पुन्हा येत आहेत. पाहुण्यांना पुष्पगुच्छ देताना तीच मुलगी, दीपप्रज्वलनाला समई धरून तीच, प्रवेशाच्या जाहिरातीवरही तीच. गोरी, नीटनेटकी, इस्त्रीच्या गणवेशातली, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. मी असं ठरवून केलं नव्हतं. पण माझा हात तिकडेच वळत होता. वर्गात बासष्ट मुलं आणि सात वर्षांत काही मुलं एकदाही नाहीत. सातवीतल्या एका मुलाने मला एकदा विचारलं होतं, “बाई, माझा कधी येणार?” मी ‘येईल की’ म्हणून पुढे गेले. त्या मुलाला फोटो हवा होता आणि मिळाला नाही. खो-खोच्या मुलीला नको होता आणि मिळाला. दोघांनाही आम्ही त्यांच्या चेहऱ्याविषयी काहीतरी सांगितलं, आणि दोघांपैकी कुणालाही विचारलं नाही.

प्रतिक्रियांचंही तसंच. पानावर लिहिणारे आपलेच लोक असतात, गावातले, माजी विद्यार्थी, कुणाचे नातेवाईक. ‘ही कुणाची गं?’, ‘किती वाळलीय’, ‘आईवर नाही गेली’. आपण ते प्रेमाने केलेलं बोलणं समजून सोडून देतो. ज्या मुलीविषयी ते लिहिलेलं असतं ती ते वाचते, मैत्रिणी वाचतात, आणि ते तिथून हलत नाही.

सगळ्यात जास्त त्रास मला देणगीच्या फोटोंचा होतो. आपल्या शाळांत गरिबी आहे आणि मदत करणारे चांगले लोकही आहेत. वह्या येतात, दप्तरं येतात, सायकली येतात, कुणी गणवेश देतं, कुणी सॅनिटरी नॅपकिन देतं. ज्याने दिलं त्याला फोटो हवा असतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिळावं म्हणून आपल्यालाही तो टाकावा लागतो. मग मुलांना रांगेत उभं करायचं. पाहुण्यांनी वस्तूचं एक टोक धरायचं, मुलाने दुसरं. दोघांनी समोर बघायचं. मुलगा पाहुण्यांच्या हातातली वस्तू घेतो आहे असं दिसेपर्यंत त्याला थांबवायचं. वडिलांनी आत्महत्या केलेल्या मुलांना दप्तर देतानाचा फोटो, वर ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पाल्यांना शालेय साहित्याचे वाटप’ असा फलक. मी स्वतः असा फोटो टाकला आहे. त्या मुलाचे वडील गेल्याला चार महिने झाले होते. वर्गातल्या अर्ध्या मुलांना तोवर ठाऊकही नव्हतं. सॅनिटरी नॅपकिनचं पाकीट छातीशी धरून ओळीने उभ्या केलेल्या सातवी-आठवीच्या मुलींचा फोटो तुम्हीही पाहिला असेल, प्रत्येक तालुक्यात एकतरी सापडतो. मासिक पाळीचा संकोच जावा हे मला मनापासून पटतं. तो घालवायला वर्गात बोलावं लागतं, मी बोलते. मुलींना पाकीट घेऊन उभं केल्याने संकोच जात नाही. त्या वेळी त्या मुली कुठे बघत असतात ते फोटोत नीट बघा. बहुतेकींची नजर जमिनीकडे असते.

दहा वर्षांनी तो मुलगा नोकरीला जाईल, लग्न करील, कुणीतरी त्याच्या नावाने शोधेल, आणि तो फलकाखाली दप्तर घेऊन उभा असेल. मदत त्याने एकदा घेतली. ती घेतानाचं चित्र त्याने आयुष्यभर का वागवायचं?

यावर मला जी उत्तरं मिळाली ती खोटी नाहीत. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, बाई, पटाचं काय? हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, तुम्हाला कळेल. पट, म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्यात) पद जातं, पद गेलं की आपल्यातलाच एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि तिसऱ्याच गावाला जातो. रस्त्यापलीकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ लोक बघतात आणि पोराला तिकडे घालतात. आपल्याकडे जाहिरातीला पैसा नाही, आहे ते हे फुकटचं पान. शिवाय वरून येणारी पत्रं आहेतच. योग दिन, वाचन प्रेरणा दिन, संविधान दिन, बालिका दिन, मराठी भाषा गौरव दिन. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ, ‘छायाचित्रांसह अहवाल सादर करावा’. २०१६ च्या अखेरीस तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून शासनाच्या ‘सरल’ या शाळा-विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींच्या प्रणालीवर चढवावेत असा आदेश निघाला होता, ते आपण विसरलेलो नाही. फोटो म्हणजे काम झाल्याचा पुरावा, ही सवय आपल्याला लावली गेली आहे.

आणि पालकांना आनंद होतो, हेही खरंच. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील कुवेतला गवंडीकाम करतात. स्नेहसंमेलनात ती लावणीवर नाचली. रात्री साडेअकराला त्यांचा मला मेसेज आला, पोरीला तीन वर्षांनी नाचताना बघितलं म्हणून. तो मेसेज मी अजून ठेवला आहे. पान बंद करा असं मी म्हणत नाही, ते त्या बापासाठी तरी म्हणणार नाही. पण त्याच्यासाठी ते सगळ्या जगाला दिसायची गरज नव्हती. वर्गाच्या पालकांपुरत्या ग्रुपवर पाठवलं असतं तरी त्याला तितकंच दिसलं असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण उद्या कुणी विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो अठरावं वर्ष लागल्यावर सुरू होतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. त्या कायद्याचं ९वं कलम मुलांविषयी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, आणि मुलाचं अहित होईल असा वापर करता येणार नाही. हे बंधन मोडलं तर दंडाची वरची मर्यादा २०० कोटी रुपये आहे. शाळांना नियमांत काही सूट आहे, पण ती शिकवण्याच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. प्रवेशाची जाहिरात त्यात बसेल असं मला वाटत नाही. आणखी एक वाक्य त्या कायद्यात आहे ते मला फार आवडतं: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे.

आपल्या प्रवेशअर्जात आज काय असतं? तिसऱ्या पानावर, शुल्काच्या नियमांखाली, बारीक टाइपात: ‘शाळेच्या प्रसिद्धीसाठी पाल्याचे छायाचित्र वापरण्यास माझी हरकत नाही.’ पालक जूनमध्ये रांगेत उभं राहून सही करतो, कारण सही केली नाही तर अर्ज घेतला जाणार नाही असं त्याला वाटतं. कुठला फोटो, कुठे, किती वर्षं, नाव असेल का, यातलं काहीही त्याला माहीत नसतं. मागे घ्यायची तर कुणाकडे जायचं तेही नसतं.

आमच्या शाळेत आम्ही काय बदललं ते सांगते. ते परिपूर्ण नाही. ती ओळ अर्जातून काढली आणि अर्ध्या पानाचा वेगळा कागद केला. त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत: वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर चालेल का, शाळेच्या सार्वजनिक पानावर चालेल का, वर्तमानपत्रात किंवा फ्लेक्सवर चालेल का. खाली पालकाची सही आणि पाचवीपासून पुढे मुलाचीही सही. मुलाची सही कायद्याने लागत नाही, आम्हाला ती लागते. ‘नको’ लिहिलं म्हणून कार्यक्रमातून कुणाला वगळायचं नाही, हे कागदावरच छापलं आहे. ‘नको’ म्हणणाऱ्यांची यादी वर्गशिक्षकांच्या हजेरीत असते. फोटो शाळेच्या एकाच मोबाइलवर काढायचे, शिक्षकांच्या खासगी मोबाइलवर नाहीत. कार्यक्रमाआधी ओळखपत्रं खिशात. पानावर नावं नाहीत, वाढदिवस नाहीत, प्रतिक्रिया बंद. कुणी काढा म्हटलं तर कारण न विचारता त्याच दिवशी काढायचा. देणगीच्या कार्यक्रमात वस्तूंचा फोटो, देणाऱ्यांचा फोटो, घेणाऱ्या मुलांचा नाही. एका देणगीदाराने नाराजी दाखवली. आम्ही त्यांना मुलांनी लिहिलेली आभाराची पत्रं दिली, त्यांनी ती चौकट करून दुकानात लावली आहेत. वर्गाचे ग्रुप आम्ही व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीत घेतले, तिथल्या सूचनांच्या ग्रुपवर पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. यात आयांचा आणि आम्हा शिक्षिकांचाही फायदा झाला. आम्हा बायकांचे डीपी उचलून खोटी खाती काढल्याचे प्रकार आमच्याही वाट्याला येऊन गेले आहेत, त्यावर आपण स्टाफरूममध्ये कुजबुजतो आणि गप्प बसतो.

पान ओसाड पडेल अशी भीती होती. तसं झालं नाही. आता मी हातांचे फोटो काढते. मातीचा गणपती करणारे हात, प्रयोगशाळेत चंचुपात्र धरलेले हात, फळ्यावर लिहिणारे. मैदानाचा दुरून फोटो, पाठमोरी रांग, मुलांनी काढलेली चित्रं, त्यांच्या कविता. ज्यांनी हो म्हटलं त्यांचे चेहरेही आहेत, आणि आता ते आठ-दहाच नाहीत. तो सातवीतला मुलगा आता नववीत आहे. त्याने कागदावर तिन्ही ठिकाणी ‘हो’ लिहून पुढे दोन रेघा ओढल्या होत्या. त्याचा फोटो पानावर गेला.

पहिल्या वर्षी सार्वजनिक पानाला ‘नको’ म्हणणारे आमच्या नववी-दहावीत अकरा निघाले, त्यात नऊ मुली. एका मुलीच्या आईने कागदावर काही लिहिलं नाही, ती मला भेटायला आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती दोन्ही मुलींना घेऊन माहेरी आली होती. आपण कुठल्या गावात आहोत हे तिने सासरी कळू दिलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी शाळेच्या पानावर मुलीचा विज्ञान प्रदर्शनातला फोटो आला, आणि आठवड्याने नवरा शाळेच्या फाटकाबाहेर उभा होता. त्या दिवशी शिपाईमामांनी त्याला आत सोडलं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तो तिथवर कसा पोहोचला, हे मला त्या बाईने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. तिने तक्रार केली नाही. तिने फक्त विचारलं, “बाई, आता नाही ना येणार फोटो?”

काही बिघडलंच तर वाट बघत बसू नका, हेही लिहून ठेवते. आता एका स्पष्ट फोटोवरून कुणाचाही चेहरा भलत्याच चित्रावर बसवता येतो, आणि तो फोटो शाळेच्या पानावरून घेतलेला असू शकतो. मुलगी असं काही घेऊन तुमच्याकडे आली तर पहिला प्रश्न ‘तू फोटो का काढलास’ हा नको. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. अठरा वर्षांखालच्यांच्या नग्न चित्रांसाठी ‘टेक इट डाऊन’ नावाची सेवा आहे. तिच्यात चित्र कुणालाही पाठवावं लागत नाही, मोबाइलवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या ते चित्र शोधून काढून टाकतात. मुलीला सांगताना हे आधी सांगा, कारण ते चित्र पुन्हा कुणाला दाखवावं लागेल याचीच तिला जास्त भीती असते.

शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांना एकच विनंती. कार्यक्रम झाल्याचा पुरावा हवा असेल तर तो मुलांच्या चेहऱ्यांशिवायही देता येतो. ‘छायाचित्रांसह’ या शब्दाआधी ‘विद्यार्थ्यांची ओळख पटणार नाही अशा’ एवढं जोडा. खालच्या हजारो शाळा तेवढ्या चार-पाच शब्दांनी बदलतील, हे मी आदेश पाळणारी शिक्षिका म्हणून खात्रीने सांगते.

हे पत्र पाठवण्याआधी मी ते खो-खोच्या मुलीला आणि तिच्या आईला वाचायला दिलं, आणि कुवेतच्या वडिलांना, आणि माहेरी आलेल्या त्या आईलाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. ती आता दहावीत आहे. खो-खो खेळत नाही, मी विचारतही नाही. मात्र पत्र परत देताना तिने विचारलं, “तो फोटो अजून आहे का तुमच्याकडे?” मी तो मोठा करून छापून आणला आणि पाकिटात घालून तिला दिला. माझ्या मोबाइलमधला तिच्यासमोर काढून टाकला. आता त्याची एकच प्रत आहे, ती तिच्याकडे आहे.

पुढच्या वर्षीचे प्रवेशअर्ज बहुतेक शाळा एप्रिलमध्ये छापायला टाकतात. त्याआधी तिसऱ्या पानावरची ती ओळ काढा. आमचा अर्ध्या पानाचा कागद ज्यांना हवा त्यांना मी पाठवीन. त्यावर आमच्या शाळेचं नाव नाही, आपलं घालून घ्या.

आपली,
एक सहशिक्षिका